सातबाऱ्यावरचे अनोळखी नाव: नागपूरच्या एका बेपत्ता काकांचे प्रकरण

हे प्रकरण एका विशिष्ट कुटुंबाचे नाही. घरातला माणूस निघून गेला आणि घराने त्याचे नावही काढणे बंद केले, अशा कुटुंबांत जे पुन्हा पुन्हा दिसते ते इथे एका घरात आणून मांडले आहे. कायदा, कार्यालये आणि कागद मात्र जसे आहेत तसेच.

जुनी मंगळवारीतले घर. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, 1979 साली वारले. कुही तालुक्यात त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली 1.62 हेक्टर म्हणजे चार एकर जमीन आहे. आजी 2018 मध्ये गेली, वडील 2021 मध्ये. मागे राहिले ते आई, 28 वर्षांचा मुलगा, त्याची मोठी बहीण आणि भंडाऱ्याला दिलेली आत्या. जमिनीला गिऱ्हाईक आले आणि त्याच्या वकिलाने जमिनीच्या मालकीचा मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला. त्याचा पहिलाच प्रश्न होता: सातबाऱ्यावर आजी, वडील आणि आत्या यांच्याबरोबर हे चौथे नाव कोणाचे?

त्या नावापुढे लिहिले होते ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ता आई, म्हणजे नोंद झाली तेव्हा तो माणूस अठराच्या आतला होता. मुलाने हे नाव आयुष्यात प्रथमच वाचले. त्याच्या आईनेही. लग्न होऊन तीस-बत्तीस वर्षे संसार केलेल्या बाईला नवऱ्याला धाकटा भाऊ होता हे ठाऊक नव्हते.

अशा वेळी बहुतेक घरांत दुसऱ्याच दिवशी एखादा जाणकार भेटतो आणि सांगतो, “मृत्यूचा दाखला काढून टाका, वारसांत नाव कमी होईल.” हे प्रकरण बिघडण्याची सर्वांत मोठी शक्यता इथेच असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मध्ये उशिरा नोंदणीची सोय आहे. एका वर्षापेक्षा जुनी घटना असेल तर 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तसा आदेश देतो. पण ती सोय झालेल्या मृत्यूसाठी आहे. अर्जात मृत्यूची तारीख आणि ठिकाण लागते. बेपत्ता माणसाला या दोन्ही गोष्टी नसतात, मग त्या बनवल्या जातात. खोटे शपथपत्र हा गुन्हा आहेच, शिवाय पुढे न्यायालयात खरी बाजू मांडायची वेळ आली की हाच कागद अर्जदाराच्या अंगावर येतो. आणि ज्याचा मृत्यू लिहून दिला, तो माणूस जिवंत असू शकतो. काकांचा जन्म 1964 चा. आजच्या हिशेबाने साठी नुकतीच ओलांडलेला माणूस. शोध आधी माणसाचा करायचा आणि जमिनीचा विषय नंतर घ्यायचा, याला माणुसकीचे कारण आहेच, पण पुढे दिसेल की कायद्यालाही हाच क्रम लागतो.

सातबाऱ्यावर नावांच्या जवळ वर्तुळात लिहिलेले आकडे फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक असतात. कंसात गेलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. काकांच्या नावाला कंस नव्हता, म्हणजे त्यांचा हक्क कोणी सोडवून घेतलेला नव्हता. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार आता बरेचसे महाभूमी या शासकीय संकेतस्थळाच्या ई-अभिलेखावर स्कॅन केलेले मिळतात. जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. विदर्भात आणखी मागे जायचे असेल तर 1954-55 चा अधिकार अभिलेख हा पाया असतो. या घराला त्याची गरज नव्हती, कारण जमीन नंतर घेतलेली.

1980 च्या वारस फेरफारात चार नावे स्पष्ट होती: विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. वडिलोपार्जित नव्हे तर स्वकष्टार्जित जमीन, मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 8 प्रमाणे चौघांना सारखा, एक चतुर्थांश हिस्सा. काका 1982 मध्ये सज्ञान झाले, पण शेरा कोणी काढला नाही. तलाठ्याकडे वयाचा पुरावा देऊन साधा अर्ज केला की ‘अ.पा.क.’ कमी होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो शेरा तसाच राहणे विदर्भातल्या सातबाऱ्यांवर नवलाचे नाही, पण शोध घेणाऱ्यासाठी तो एक खूण आहे: सज्ञान झाल्यावर या माणसाच्या वतीने कोणीच तलाठ्याकडे गेले नाही.

खरी गोष्ट मात्र मंजूर फेरफारात सापडत नाही. ती रद्द झालेल्या फेरफारात सापडते. फेरफार वहीत 2009 ची एक नोंद होती आणि तिच्यावर मंडळ अधिकाऱ्याचा शेरा होता, ‘हरकत आल्याने नोंद रद्द’. अशी नोंद दिसली की पुढे जाऊ नये. हरकत आली म्हणजे प्रकरण गाव नमुना 6-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत गेले. तिथे गेले म्हणजे सुनावणीची नोटीस निघाली, जबाब झाले, आणि त्या जबाबांची संचिका कुठेतरी आहे. फेरफाराची नक्कल मागताना ‘संपूर्ण संचिका, जबाबांसह’ असे लिहावे लागते. नुसती नक्कल मागितली तर एक पान हातात येते.

संचिका मिळाली. त्यात तीन कागद महत्त्वाचे होते. वडिलांचा अर्ज: धाकटा भाऊ 1990 मध्ये अविवाहित मयत झाला, नाव कमी करावे. आत्याची हरकत: भाऊ मयत नाही, 1986 मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवले होते, 1989 मध्ये तो घरातून निघून गेला, 1991 मध्ये त्याचे पोस्टकार्ड आपल्याला आले. आणि आजीचा जबाब, खाली अंगठा: मुलगा मयत झाल्याचे मला माहीत नाही, तशी सही देणार नाही.

वडिलांनी खोटे लिहून दिले होते आणि आजीने व आत्याने ते अडवले होते. तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या मुलापासून हे सगळे लपवून झाले. हा कागद वाचून मुलाला राग येणे साहजिक आहे, पण त्या रागात आत्याला फोन करणे हे दुसरे बिघाडाचे ठिकाण. आत्या ही या प्रकरणातली एकमेव जिवंत साक्षीदार आहे. तिच्या दृष्टीने पाहिले तर भावाविरुद्ध तहसीलमध्ये उभे राहिल्याची किंमत तिने माहेर तुटून मोजली. तिला पहिले वाक्य जमिनीचे ऐकवले, तर ती म्हणणार, “जुनं कायले उकरतं रे बाबू आता?” आणि दार बंद.

तिच्याकडे जाताना जमिनीचा कागद न नेता घरातले फोटो आणि लग्नपत्रिका न्यायच्या. पत्रिका हा फार उपयोगी कागद आहे, लोक त्याकडे बघत नाहीत. आत्याच्या 1984 च्या पत्रिकेत ‘आमच्या ताईच्या लग्नाला’ म्हणणाऱ्यांत काकांचे नाव होते. वडिलांच्या 1989 च्या पत्रिकेत प्रेषकांत, निमंत्रकांत, कुठेच नव्हते. दोन पत्रिका शेजारी ठेवल्या की प्रश्न विचारावा लागत नाही.

तारखा विचारायच्या नाहीत, सण विचारायचे. ‘कोणत्या साली, कोणत्या महिन्यात’ याला वयस्क माणूस अंदाजे उत्तर देतो आणि मग त्या अंदाजाला चिकटून बसतो. ‘पोळ्याच्या आधी की मागून?’ याला तो आठवून उत्तर देतो. आत्याला आठवले की मारबती-बडग्याची मिरवणूक पाहायला म्हणून तो गेला आणि परतला नाही. ती मिरवणूक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. 1989 चा पोळा ऑगस्टच्या अखेरीस होता. अशा रीतीने ‘एकोणनव्वद साली कधीतरी’ हे दोन-तीन दिवसांवर आले. पोलिसांना आणि लोहमार्ग पोलिसांना अर्ज करताना या फरकावर सगळे अवलंबून असते, कारण नोंदवह्या तारीखवार असतात.

मग तक्रार का दिली नाही? वडिलांचे लग्न ठरले होते, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. घरात ‘तसा’ माणूस आहे आणि तो पळाला, हे पोलीस ठाण्यातून मुलीकडच्यांच्या कानावर गेले असते तर सोयरीक मोडली असती. म्हणून ठरले की तो मामाकडे गेला आहे असे सांगायचे. लग्न झाल्यावर सांगू असेही ठरले होते. ते कधी झाले नाही. या एका निर्णयामुळे पहिले तीन महिने, जेव्हा माणूस सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, कोणी शोधलेच नाही.

आत्याकडे ते पोस्टकार्ड होते. कार्ड मिळाले की आधी दोन्ही बाजूंचा सपाट उजेडात फोटो काढायचा, मग प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचे. लॅमिनेशन कधीही करू नये, शिक्का आणि शाई तपासता येत नाही. मजकुरापेक्षा शिक्का महत्त्वाचा. टपाल टाकल्याचा शिक्का इटारसीचा होता, तारीख 1991 ची. नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या इटारसीवरूनच जातात. म्हणजे 1990 मधला मृत्यू खोटा ठरला आणि शोधाला एक दिशा मिळाली.

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचे आहे. राज्यात अशी चार आहेत: नागपूर, ठाणे, पुणे, रत्नागिरी. 1986 साली भारतीय वेडेपणा अधिनियम, 1912 लागू होता आणि बरेच रुग्ण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखल होत. याचा अर्थ नोंद दोन ठिकाणी शोधायची, रुग्णालयात आणि न्यायालयाच्या अभिलेखात. अर्ज पुतण्याने करण्यापेक्षा सख्ख्या बहिणीने करावा, सोबत वंशावळीचे शपथपत्र आणि 1980 चा फेरफार जोडावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने रुग्णाच्या माहितीला गोपनीयता दिली आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून आजाराचा तपशील मागू नये. मागायचे ते एवढेच: दाखल झाल्याची आणि सुटी झाल्याची तारीख, कोणाच्या ताब्यात दिले, नोंदवलेल्या शरीरखुणा, आणि 1989 नंतर पुन्हा दाखल झाल्याची नोंद आहे का.

साध्या अर्जाला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, म्हणून रुग्णालय, तहसील आणि पोलीस यांना वेगवेगळे अर्ज. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून कलम 8(1)(ञ) खाली नकार येऊ शकतो. त्यावर उत्तर त्याच कायद्यात आहे: कलम 8(3) प्रमाणे अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती द्यावी लागते, तीनच अपवाद सोडून, आणि वैयक्तिक माहितीचे कारण त्या तिनांत नाही. हा मुद्दा पहिल्या अर्जातच लिहून ठेवला तर एक अपील वाचते. अपील करावेच लागले तर 30 दिवसांत, वीस रुपयांच्या शुल्कासह. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे 90 दिवसांत.

‘अभिलेख नष्ट झाला आहे’ असे उत्तर आले की लोक निराश होतात आणि कागद फेकून देतात. तो कागद जपून ठेवायचा. शोध खरोखर घेतला, याचा तो पुरावा असतो. तोंडी ‘रेकॉर्ड नाही’ मात्र घेऊन परतायचे नाही, आवक क्रमांकासह लेखी घ्यायचे.

पोलिसांकडे आता, पस्तीस वर्षांनीही, मिसिंगची नोंद करता येते आणि करावीच. अर्जदार आत्या, पोलीस ठाणे राहत्या घराच्या हद्दीचे. वर्णनात उंची, खुणा, शाळेच्या दाखल-खारीज पंजीतला जन्मदिनांक, बोली आणि एखादी न बदलणारी सवय लिहायची. चेहरा पस्तीस वर्षांत ओळखू येत नाही, डावखुरेपणा आणि जुन्या जखमेचा व्रण ओळखू येतो. वेगळ्या अर्जाने 1989 आणि 1991 नंतरच्या बेवारस मृतदेहांची चौकशी मागायची. आपल्याकडे पोलीस त्याला ‘मर्ग’ म्हणतात, अर्जातही तोच शब्द लिहावा. रेल्वे हद्दीतले मर्ग शहर पोलिसांकडे नसतात, नागपूरला लोहमार्ग पोलिसांचे स्वतंत्र अधीक्षक कार्यालय आहे. इटारसीसाठी मध्य प्रदेशातल्या नर्मदापुरम जिल्हा पोलिसांना आणि तिथल्या रेल्वे पोलिसांना हिंदीत पत्र. त्या राज्यातली ग्वाल्हेर आणि इंदूरची मानसिक रुग्णालये विसरू नयेत. वाट चुकलेला रुग्ण ज्या राज्यात सापडतो तिथल्याच रुग्णालयात जातो, आणि तिथे त्याचे आडनाव चुकीचे लिहिलेले असू शकते. म्हणून नावाबरोबर ‘मराठी बोलणारा, नागपूर किंवा कुही असे गाव सांगणारा’ अशी विचारणा करायची.

वर्तमानपत्रातली नोटीस एक मराठी आणि एक हिंदी दैनिकात, हिंदी दैनिकाची मध्य प्रदेशातली आवृत्ती पाहून. मजकुरात जमिनीचा उल्लेख ठेवू नये. ‘हिस्सा’ हा शब्द छापला की तोतये येतात. आणि ‘तुझी ताई वाट पाहते’ एवढे वाचून जो परत येऊ शकला असता, तो गट नंबर वाचून येणार नाही.

आता कायदा. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 111 प्रमाणे (1 जुलै 2024 पूर्वी हेच जुन्या पुरावा कायद्याचे कलम 108 होते) ज्यांना त्या माणसाची खबर स्वाभाविकपणे लागली असती त्यांना सात वर्षे काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर जातो. इथे सात वर्षे 1989 पासून नाही, कार्डाच्या तारखेपासून मोजायची. ‘स्वाभाविकपणे खबर लागली असती’ अशी माणसे म्हणजे आजी आणि आत्या. आजीचा 2009 चा अंगठ्याचा जबाब, जो तेव्हा वडिलांना अडचणीचा वाटला, तोच आज 2009 पर्यंत खबर नव्हती याचा सर्वांत भक्कम कागद आहे.

यासाठी दिवाणी न्यायालयात विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 च्या कलम 34 खाली घोषणेचा दावा करावा लागतो. पोलिसांचा अहवाल किंवा तहसीलदाराचा पंचनामा पुरत नाही. सर्व वारस पक्षकार हवेत. शासनाला पक्षकार करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी.

इथे एक गोष्ट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून समजून घ्यायला हवी. न्यायालय मृत्यू गृहीत धरते, मृत्यूची तारीख नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हे स्पष्ट केले: प्रश्न न्यायालयात उभा राहिला तेव्हा माणूस हयात नाही एवढेच गृहीत धरायचे, विशिष्ट तारीख सांगणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध करायची. या घरात तारखेवर हिस्से बदलतात. काका अविवाहित होते असे धरू. ते आजीच्या आधी, म्हणजे 2018 पूर्वी गेले असतील तर त्यांचा हिस्सा एकट्या आजीला, कारण वर्ग एकच्या, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणाऱ्या वारसांत आई येते, भाऊ येत नाही. आजीचे पुढे वडील आणि आत्या यांना निम्मे-निम्मे. शेवटी दोन्ही बाजूंना 0.81 हेक्टर. काका 2021 नंतर, वडिलांच्या मागे गेले असे ठरले तर चित्र वेगळे. आजीच्या मृत्यूनंतर तिघा भावंडांना प्रत्येकी 0.54. मग काकांचे 0.54 वर्ग दोनच्या वारसांत जाते. तिथे बहीण दुसऱ्या नोंदीत आहे आणि भावाचा मुलगा चौथ्या, आधीच्या नोंदीतला वारस असला की नंतरच्याला काही मिळत नाही. आत्याला 1.08, मुलाच्या घराला 0.54. आणि काकांनी इटारसीकडे कुठे संसार मांडला असेल तर त्यांची बायको-मुले आजीच्या बरोबरीने आणि आत्या-पुतण्याच्या पुढे.

म्हणजे पुतण्या आणि आत्या दोघांचाही स्वार्थ वेगवेगळ्या तारखांत आहे. दोघांचे वकील वेगळे झाले की प्रत्येक जण आपल्या सोयीची तारीख शोधतो आणि काका पुन्हा बाजूला पडतात. हे टाळायचे असेल तर शोध सुरू होण्यापूर्वी, निकाल कोणाच्या बाजूचा लागेल हे माहीत नसताना, दोघांनी काकांच्या हिश्शाबाबत लेखी समजूत करून नोटरी करून घ्यावी. माणूस सापडला तर हिस्सा त्याचा, या वाक्याने ती सुरू व्हावी.

गिऱ्हाइकाला काय सांगायचे? इसार घेऊ नये. महसूल संहितेच्या कलम 85 खाली सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून केलेल्या वाटपाला सर्व सहधारकांची संमती लागते, आणि एक सहधारक बेपत्ता आहे. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी सही करणे चालत नाही, ‘अ.पा.क.’ लिहिलेले असले तरी नाही. ते पालकत्व 1982 सालीच संपले. एखाद्याला फक्त आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण त्याचा भाव पडतो आणि काकांच्या हिश्शाचा ताबा परक्याच्या हातात जाण्याचा धोका राहतो. या घराने विक्री थांबवली आहे. वडिलांच्या वारसांची नोंद करायची आहे, आजीचीही. दोन्ही अर्जांत वंशावळ लिहिताना काकांचे नाव ‘1991 पासून खबर नाही’ या शब्दांत घातले आहे. त्याखाली आईने सही केली, आत्याने केली. मिसिंगचा अर्ज आत्याच्या नावाने दिला गेला आहे. इटारसीचे पत्र गेले आहे आणि त्याचे उत्तर यायचे आहे.